भिंतीवरच्या बाई

तपासणीच्या दिवशी शाळेत सहा बाई आल्या. एरवी एक यायची, तीही आठवड्यातून दोनदा.

सकाळी साडेनऊच्या सुमारास सोलापूरकडून आलेली एक गाडी नळदुर्गच्या अलीकडं हायवे सोडून आत वळली आणि शाळेच्या फाटकाशी थांबली. एकेक करत सहाजणी उतरल्या. कडक इस्त्रीच्या साड्या, गळ्यात नवी कोरी ओळखपत्रं. नंदा सरवदे तेव्हा अंगणातल्या नळावर लेकरांची तोंडं धूत होती. सहा वर्षं ती या शाळेत आया होती. उतरलेल्या बायांपैकी एक नेहमीची होती. आणखी तिघींना तिनं चेहऱ्यावरून ओळखलं, कारण ऑफिसच्या भिंतीवर या विशेष शिक्षिकांची प्रमाणपत्रं फोटोसकट चौकटीत लावलेली होती. रोज सकाळी फडक्यानं ती काच पुसायचं काम तिच्याकडंच होतं. उरलेल्या दोघींचे फोटो बहुतेक जुने असावेत.

शाळा बौद्धिक दिव्यांग मुलांची. निवासी. बेचाळीस लेकरं, नळदुर्ग, लोहारा, तुळजापूर भागातली. कुणाला बोलता येत नाही, कुणाला चालता येत नाही, कुणी दिवसभर एकाच जागी डोलत बसतं. संस्थेचे सचिव उत्तरेश्वर अण्णा. त्यांचा सख्खा धाकटा भाऊ असाच होता, तो लहानपणीच गेला, आणि त्याच्या नावानं अण्णांनी ही शाळा काढली होती. सुरुवातीला ते स्वतः लेकरांच्या पंगतीत बसून जेवायचे, असं जुनी माणसं सांगत. पुढं शाळा वाढली, आणि अण्णांचं सगळं ध्यान कागदांत गेलं.

"नंदा, तू आज सैपाकघरातच ऱ्हा," अण्णा म्हणाले. "तपासणीवाल्यांच्या म्होरं येऊ नको."

नंदा आत गेली. खिडकीतून तिला दिसत होतं, की त्या बाया लेकरांच्या सदऱ्यांना चिठ्ठ्या टाचत होत्या. प्रत्येक चिठ्ठीवर लेकराचं नाव. टाचणी लावताना एकीनं रुद्रेशची कॉलर धरली, तशी नंदा खिडकीच्या गजाशी सरकली. रुद्रेश नऊ वर्षांचा, स्वमग्न. मानेला काही लागलेलं त्याला खपायचं नाही. त्याच्या सगळ्या सदऱ्यांच्या कॉलरमागच्या पट्ट्या नंदानं स्वतः उसवून काढल्या होत्या.

अर्ध्या तासानं वर्गातून धपधप आवाज यायला लागला. रुद्रेश भिंतीवर डोकं आपटत होता. मग तो सुटला आणि व्हरांड्यातून पळत, चिठ्ठी फडफडवत, थेट सैपाकघरात शिरून नंदाच्या पोटाला भिडला. नंदानं आधी टाचणी काढली. मग त्याच्या दोन्ही खांद्यांवर तळवे दाबून ती एका लयीत आकडे म्हणू लागली. एक... दोन... तीन... दहापर्यंत. पुन्हा एकपासून. तिसऱ्या खेपेला त्याचा श्वास खाली बसला.

वर पाहिलं तर दारात तपासणीला आलेल्या मॅडम उभ्या होत्या. मागं अण्णा, त्यांच्यामागं सहा बाया.

"तुमचं नाव?" मॅडमनी विचारलं.

"नंदा बुद्धघोष सरवदे."

"काम?"

"आया."

"शिक्षण?"

"आठवी पास. नववीत शाळा सुटली."

"मग या मुलाला तुम्ही कशा हाताळताय? वर्गात विशेष शिक्षिका आहेत. या मुलांना कुणीही कसाही हात लावून चालत नाही, त्याला प्रशिक्षण लागतं. तुम्ही नियमात बसत नाही."

अण्णा डोळ्यांनी खुणावत होते, गप बस. नंदाचे तळवे अजून रुद्रेशच्या खांद्यांवर होते. ती म्हणाली, "न्हाय बसत मॅडम, खरं हाय. पण ज्या नियमात बसत्यात, त्या उद्या हितं येऊन बसणार हायत का? तेवढं इचारा की त्यास्नी."

अण्णा कसंनुसं हसले. "अडाणी बाई आहे मॅडम. मनावर घेऊ नका."

मॅडमनी रुद्रेशच्या सदऱ्यावरून निघालेली चिठ्ठी उचलली, वाचली आणि परत ओट्यावर ठेवली. दुपारी निघताना मात्र त्या नळापाशी थांबल्या. नंदा तिथं ताटं घासत होती.

"तुम्ही खोटं बोलत नाही, ते मला दिसलं," त्या म्हणाल्या. "पण माझ्या तक्त्यात पात्रतेचा रकाना आहे आणि हजेरीचा आहे. दोन्ही भरलेले आहेत. अनुभवाला रकाना नाही."

"असाया पायजे मग."

"असता तरी मी तुम्हाला त्यात घेतलं नसतं. राग येईल तुम्हाला. पण न शिकता या मुलांना हात लावणं धोक्याचं असतं, बाई. माया वेगळी आणि विद्या वेगळी."

गाडी गेली. पाठोपाठ सहा बायांचीही गाडी गेली. चार दिवसांनी नंदाच्या हातात संस्थेचं पत्र पडलं: आयांनी वर्गकामात ढवळाढवळ करू नये. तिनं ते दोनदा वाचलं. वर्गात बहुतेक दिवस दुसरं कुणी नव्हतंच, त्यामुळं ढवळाढवळ कुणाच्या कामात करायची नाही, ते पत्रात लिहिलेलं नव्हतं.

नंदाचं घर लोहाऱ्याच्या रस्त्याला, बुद्धवाड्यात. नवरा बुद्धघोष नळदुर्ग-लोहारा वडाप, म्हणजे पॅसेंजर भरून नेणारी जीप चालवायचा. त्यानं पत्र बघितलं आणि म्हणाला, "दी सोडून. कोण ऐकून घ्यायलंय त्येंचं?"

सासू मालनबाई ओट्यावर ज्वारी निवडत बसली होती. तिनं सूप खाली ठेवलं. "सोडल्यानं काय हुतंय? त्यास्नी तर बरंच. बोलणारी गेली, म्हनत्याल." मग सुनेकडं वळली. "ती मॅडम नेमकं काय मागायली तुला?"

"कागद, आत्याबाई."

"मग आन जा की. कागद काय आभाळात उगवतुय व्हय?"

"आठवी झालीया माझी. दहावी, मग बारावी, त्याच्यावर दोन वर्सांचा कोर्स. पाच-सा वर्सं जातील. चाळिशी येईल."

"ती कागद न्हाय आनला तरी येतीया," मालनबाई म्हणाली आणि सूप पुन्हा हातात घेतलं.

हे सगळं दोन हजार एकोणीसच्या उन्हाळ्याअखेरचं. नंदाची थोरली लेक मोनिका त्या साली दहावीला होती. नंदानं सतरा नंबरचा फॉर्म भरला, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षा. मायलेकी एकाच चटईवर, एकाच पुस्तकातून अभ्यास करू लागल्या. बीजगणित मोनिका आईला शिकवायची आणि चुकलं की चिडायची. "आई, किती येळा सांगू? चिन्ह बदलतंय पलीकडं गेल्यावर." नंदा म्हणायची, "बदलू दी. मी न्हाय बदलत." गावातल्या दोन-चारजणी हसल्या. एक शेजारीण दारात येऊन म्हणाली, "आता नातवंडं खेळवायच्या वयात दप्तर?" नंदानं तिलाच इंग्रजीचं पुस्तक दिलं आणि म्हणाली, "बसा, धडा घ्या माझा. तोंड मोकळंच हाय तुमचं."

मार्चमध्ये परीक्षा झाली. शेवटचा भूगोलाचा पेपर कोरोनामुळं झालाच नाही. निकाल लागला तेव्हा मोनिकाला ब्याऐंशी टक्के, नंदाला छप्पन्न. मालनबाईनं दोघींच्या तोंडात साखर घातली, आधी सुनेच्या.

लॉकडाऊनमध्ये शाळा रिकामी झाली, लेकरं घरोघर गेली. रुद्रेशच्या बापाचा अधूनमधून फोन यायचा. पोरगं डोकं आपटायलं की तो फोन त्याच्या कानाला लावायचा आणि इकडून नंदा एक ते दहा म्हणायची. शाळा पुन्हा भरली तशी ती कामावर हजर झाली. दोन हजार बावीसला बारावीही निघाली. त्याच साली तिला सोलापूरला विशेष शिक्षणाच्या पदविकेला प्रवेश मिळाला. आठवड्याचे पाच दिवस कॉलेज, शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांत शाळेची ड्युटी, असं ठरलं. अण्णांनी हरकत घेतली नाही. त्यांच्या मनात तेव्हाच काही असावं.

रोज सकाळी नळदुर्गच्या स्टँडवरून एसटी, संध्याकाळी परत. पुढच्या वर्षी बायांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा कंडक्टर म्हणाला, "मावशी, आता तर शिका पोटभर." वर्गातल्या पोरीही पहिल्या दिवशी मावशीच म्हणाल्या. नंदानं त्यांना थांबवलं. "मावशी घरी. हितं नंदा म्हणा. फी तुमच्याएवढीच भरलीया."

पहिलं वर्ष तिनं जरा ताठ्यातच काढलं. सर शिकवायचे ते तिला जागोजाग ओळखीचं वाटायचं. स्वमग्न लेकराला खोल, सारखा दाब दिला की ते शांत होतं, हे पुस्तकात वाचलं तेव्हा ती शेजारच्या पोरीला म्हणाली, "बघ, हे मला आधीच ठावं होतं." आपण सगळं करूनच आलोय, इथं फक्त त्यावर शिक्का मारून घ्यायचाय, असं तिच्या मनानं घेतलं होतं. मॅडमचं ते 'माया वेगळी, विद्या वेगळी' तिला आठवायचं आणि ती मनात उत्तर द्यायची, बघा, माझ्या मायेतच विद्या होती.

मग जानेवारीत भागवत सरांचा तास आला.

भागवत सर सेरेब्रल पाल्सीच्या मुलांबद्दल शिकवायचे. मेंदूला इजा झाल्यानं ज्यांचे हातपाय, मान, जीभ ताब्यात नसतात, ती लेकरं. त्या दिवशी ते बिस्किटांचा पुडा आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन आले. "सगळ्यांनी मान मागं टाका," ते म्हणाले. "आढ्याकडं बघा. आता तसंच बिस्कीट खा आणि वर घोटभर पाणी प्या. मान खाली आणायची नाही."

वर्गात खोकल्याची एकच लाट उठली. पोरी हसत होत्या. नंदाला ठसका लागला, नाकातून पाणी आलं, डोळे भरले.

"असं होतं," सर म्हणाले. "मान मागं असली की घास अन्ननलिकेत जायच्या ऐवजी श्वासनलिकेत जातो. तुम्ही खोकलात म्हणून वाचलात. ज्या मुलाला खोकतासुद्धा येत नाही, त्याचा घास गुपचूप फुप्फुसात उतरतो. मग सारखा कफ, सारखा न्यूमोनिया. घरचे म्हणतात, पोराची छातीच कच्ची आहे. छाती कच्ची नसते. भरवणं चुकीचं असतं."

नंदा उठली आणि व्हरांड्यात गेली.

तिच्या डोळ्यांपुढं समृद्धी उभी राहिली होती. नळदुर्गची, शिवप्पांची लेक. सहाव्या वर्षी शाळेत आली, आता अकराची. हातपाय ताठ, मान लटकती, पण डोळे असे बोलके की समोरच्यानं बघत राहावं. नंदाच तिला भरवायची. मांडीवर आडवी घेऊन, मान मागं टेकवून, उघड्या तोंडात वरून चमचा सोडायची. तसं केलं की घास बाहेर सांडत नसे, आणि नंदाला वाटायचं, बघा कसं सगळं पोटात जातंय. दर पावसाळ्यात, दर थंडीत समृद्धी दवाखान्यात. दोनदा तर सोलापूरला न्यावं लागलं, ऑक्सिजनवर ठेवावं लागलं. तेव्हा नंदा उशाशी बसून राहिली होती. बरी होऊन आली की पुन्हा मांडीवर घेऊन भरवत होती. तस्संच.

भागवत सर बाहेर आले. तिनं सगळं सांगितलं. सर म्हणाले, "तुम्हाला माहीत नव्हतं."

"म्हाईत नव्हतं, ह्ये काय उत्तर झालं सर?" नंदा म्हणाली. "ज्येंना म्हाईत होतं, त्येंची नावं तिच्या फायलीवर हायत. दर तीन महिन्याला सही हाय. 'भरवण्याचे मार्गदर्शन केले.' माझ्या हातांनी पुसलेल्या काचंमागं होत्या त्या बाया. म्या काच पुसत होते आन् पोरीच्या छातीत घास घालत होते."

त्या दिवशी तिच्यात दोन राग एकदम पेटले, एक त्यांच्यावरचा आणि एक स्वतःवरचा. पहिला तिच्या ओळखीचा होता. दुसरा नवा होता, आणि तो गिळायला तिला फार दिवस लागले. मॅडम खरं बोलल्या होत्या. पण अर्धंच. विद्या लागते, हे खरं. आणि ती विद्या लेकराच्या मांडीपाशी बसलेली लागते, भिंतीवर नाही.

रविवारी ती समृद्धीच्या घरी गेली. समृद्धी सुट्टीला आली होती. घरात आजी रुद्रम्मा होती, शिवप्पांची आई. नंदानं चहा नको म्हटलं आणि उभ्यानंच सांगितलं. कसं भरवायची, त्यानं काय झालं, सगळं. काही झाकलं नाही.

रुद्रम्मा ऐकत राहिली. मग म्हणाली, "यव्वा! आमच्या पोरीच्या छातीला नावं ठिवली आमी. सुनंच्या माहेरची छाती कच्ची म्हनलो. पाच वर्सं बोल लावलो तिला." ती उठली, आत गेली आणि तिनं दार ओढून घेतलं. नंदा अंगणात थोडा वेळ थांबली. दार उघडलं नाही.

पुढच्या शनिवारी शाळेच्या फाटकाशी शिवप्पांचा टेम्पो थांबला. रुद्रम्मा उतरली. काखेत समृद्धी, हातात तिची वाटी. नंदाशी एक शब्द न बोलता तिनं नातीला लाकडी खुर्चीत बसवलं आणि वाटी पुढं केली. "दाव. कसं भरवायचं त्ये."

नंदानं दाखवलं. पाठ सरळ, पाय खाली टेकलेले, हनुवटी किंचित खाली. वरण पातळ नाही, जरा घट्ट. चमचा लहान, समोरून, खालच्या ओठावर. आणि मग थांबायचं. घास गिळेस्तोवर थांबायचं, कितीही वेळ लागो. पहिल्या दिवशी निम्मं अन्न लाळेऱ्यावर सांडलं आणि अर्धी वाटी संपायला पाऊण तास लागला. रुद्रम्मा म्हणाली, "लई येळ लागतंय की गं." नंदा म्हणाली, "व्हय आजी. ह्येच शिकाय दोन वर्सं लागत्यात, थांबायला."

पुढचा पावसाळा समृद्धीनं घरी आणि शाळेत काढला. दवाखान्यात जावं लागलं नाही.

दोन हजार चोवीसला पदविका पुरी झाली, नोंदणीचं प्रमाणपत्र आलं. त्यावर तिचा फोटो, नाव आणि नंबर. अण्णांनी शाळेत पेढे वाटले, हार घातला, सगळ्यांसमोर म्हणाले, "आमची आया आज बाई झाली." टाळ्या थांबल्यावर त्यांनी तिला ऑफिसात बोलावलं.

"मूळ प्रमाणपत्र ठिवून जा," ते म्हणाले. "भूमला आपली दुसरी शाळा मंजूर होतीया. तिथं विशेष शिक्षक दाखवाय लागतात. तुझं नाव तिकडं लावतो."

"म्हंजे मला भूमला जायचं?"

"न्हाय गं. तू हितंच ऱ्हा, हाय तशी. लेकरांना तुझी सवय हाय. नाव तेवढं तिकडं."

नंदानं भिंतीकडं बघितलं. सहा चौकटी. त्यांतली एक बाई दीड वर्षामागं वारल्याचं तिला सोलापुरात कळलं होतं. चौकट अजून तिथंच होती, काच स्वच्छ.

"अण्णा," ती म्हणाली, "मी भूमला भिंतीवर आन् हितं सैपाकघरात. मग भूमच्या लेकराला भरवणार कोण? तिथली एखादी नंदा? मान मागं टाकून?"

"भावनंत वाहू नको. सगळीकडं असंच चालतंय. शाळाच न्हाय चालली तर लेकरं जातील कुठं? सांग. घरी साखळीनं बांधून ठेवत्यात लोक. मी बघितलंय. माझ्या भावाला बांधलेलं मी बघितलंय."

ते खोटं बोलत नव्हते. नंदाला क्षणभर त्यांची कीव आली, आणि ती आली म्हणूनच ती अधिक ताठ उभी राहिली.

"म्हणून तर तुमी शाळा काढली अण्णा. त्या भावासाठी तुमी भिंतीवरची बाई ठिवली असती का?"

अण्णांचा चेहरा बदलला. "सर्टिफिकेट द्यायचं नसंल तर उद्यापासून येऊ नको. आया म्हणून बी नको."

तिनं टेबलावरचं प्रमाणपत्र उचललं, पदरानं पुसलं, पिशवीत घातलं. "येते," म्हणाली, आणि निघाली. फाटकाशी रुद्रेश उभा होता. आता चौदाचा झाला होता, तिच्या खांद्याच्या वर गेला होता. त्याचे खांदे दाबून तिनं दहापर्यंत म्हटलं आणि मागं न बघता रस्ता धरला. बुद्धघोषच्या जीपमध्ये बसल्यावर मात्र ती रडली. लोहाऱ्याचे पॅसेंजर बसलेले होते, त्यांना त्यानं सांगितलं, "पाच मिनिटं थांबा, घरच्या मानसाला बरं न्हाय," आणि गाडी झाडाखाली उभी केली.

दुसऱ्या दिवशी ती घरी बसली नाही. आधी रुद्रम्माकडं गेली. मग तिथून एकेक पालक. बारा घरं फिरली, पाच दिवसांत. कुणाला अण्णांविरुद्ध बोलायचं नव्हतं. एकजण म्हणाला, "शाळा बंद पडली तर आमी पोरगं कुठं ठिवू? तुमी तर जाल दुसरीकडं." नंदा म्हणाली, "मी शाळा बंद करा म्हणतच न्हाय. भांडण लावा म्हणत न्हाय. फक्त एक इचारा. माझ्या लेकराच्या वर्गात आज कोण हाय? उद्याचं नको, तपासणीच्या दिवसाचं नको. आज."

शेवटी आठ घरं तयार झाली. एका मंगळवारी, साध्या दिवशी, शिवप्पांच्या टेम्पोतून सगळे शाळेत गेले. रुद्रम्मा पुढं. ऑफिसात शिरल्यावर ती भिंतीपुढं उभी राहिली. तिला वाचता येत नव्हतं. पहिल्या चौकटीवर बोट ठेवून तिनं अण्णांना विचारलं, "ही बाई कुठाय?"

"रजेवर हायत."

"ही?"

"पुण्याला... प्रशिक्षणाला."

"ही?"

अण्णांनी टेबलावरचे कागद चाळायला घेतले. ती वारलेली बाई होती. नंदानं रुद्रम्माला ते आधी सांगितलेलं नव्हतं. मागून कुणीतरी सांगितलं, "त्या गेल्या की, दीड वर्सं झालं."

रुद्रम्मानं बोट काढून घेतलं, दोन्ही हात जोडले आणि म्हणाली, "यव्वा. मेलेल्या मानसाला बी कामाला लावलाव की तुमी."

पालकांनी अर्ज लिहिला, सगळ्यांनी सह्या-अंगठे केले आणि तो धाराशिवला वरच्या ऑफिसात नेऊन दिला. पोच घेतली. काही आठवडे काहीच घडलं नाही. मग विचारणा आली: शाळेची मान्यता नूतनीकरणाला आहे, प्रत्यक्ष हजर असलेल्या पात्र शिक्षकांची नावं कळवा. अण्णांनी सोलापूरच्या बायांना फोन लावले. दोघींनी नाव काढून टाका म्हणून कळवलं. पंचक्रोशीत रोज येऊ शकणारी, नोंदणी असलेली बाई एकच होती.

अण्णा स्वतः बुद्धवाड्यात आले. मालनबाईनं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि तिथंच बसून राहिली, उठली नाही.

"नंदाबाई, या," अण्णा म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी तिला नंदाबाई अशी हाक मारली. "लेकरांसाठी या."

"येते अण्णा. पण माझं नाव जिथं असंल, तिथंच मी असणार. त्या चौकटी काढायच्या. आन् फाटकाशी एक फळा लावायचा. मंजूर शिक्षक किती, आज हजर किती. रोज मी लिहिणार. येणारा-जाणारा वाचंल."

"फळा? अब्रू जाईल की संस्थेची."

मालनबाई म्हणाली, "आसंल तर जाईल."

दोन दिवस घेतले अण्णांनी. मग निरोप आला. चौकटी काढल्या त्या दिवशी भिंतीवर सहा पांढरे चौकोन उरले, बाकीची भिंत मळलेली. नंदानं ते तसेच ठेवले, रंग देऊ दिला नाही.

ती रुजू झाल्यापासून सगळं सुतासारखं सरळ झालं, असं नाही. पहिल्याच महिन्यात नव्या आयेशी तिचं वाजलं. गजराबाई तिचं नाव, पन्नाशीची, पाच लेकरं वाढवलेली. ती समृद्धीला उचलायला गेली तेव्हा नंदा म्हणाली, "थांबा. दोन आठवडे नुसतं बघायचं. मी शिकवते. मग हात लावायचा."

"आगं, तू सोता आयाच होतीस की," गजराबाई म्हणाली. "आता शिकलीस म्हणून आम्हास्नी नियम व्हय?"

"व्हय," नंदा म्हणाली. "मी आया होते म्हणूनच. मला कुणी थांबवलं असतं तर बरं झालं असतं."

गजराबाई दोन दिवस फुगून बसली. तिसऱ्या दिवशी वही घेऊन आली. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून तिनं चित्रं काढली. खुर्ची, मान, चमचा. आता काळजीवाहकांचं छोटं प्रशिक्षण असतं, त्याला तिचं नाव नंदानं घातलं आहे.

फळ्यावर बरेच दिवस एकच आकडा होता: मंजूर सहा, हजर एक. येणारे-जाणारे वाचायचे. रस्त्याकडेच्या ढाब्यावर ट्रकवाले विचारायचे, "बाकीचे पाच कुठं गेले?" चार महिन्यांनी लोहाऱ्याची एक पोरगी, नंदाच्याच कॉलेजची, अर्ज घेऊन आली आणि रोज येऊ लागली. हजर दोन.

परवा शाळेत मोठे पाहुणे येणार होते. देणगीदार, फोटोवाले. सकाळीच अण्णा फळ्यापाशी डस्टर घेऊन उभे राहिले. "नंदाबाई, आजच्या दिवस तेवढं पुसू का? पाव्हणे काय म्हणतील? संध्याकाळी परत लिहा."

नंदाच्या हातात रुद्रेशचा सदरा होता. तो स्वतःची बटणं लावायला शिकत होता. तीन लागली होती, चौथ्यावर अडला होता, आणि ती त्याची वाट बघत थांबली होती. तिनं अण्णांकडं बघितलं.

"पुसा की," ती म्हणाली. "पण मग त्याच्या जागी चार माणसं आणून उभी करा. तोवर दोनच ऱ्हातील."

अण्णांनी डस्टर खाली ठेवलं. थोड्याच वेळात पाहुण्यांच्या गाड्या फाटकातून आत शिरल्या, फळ्यापाशी थोड्या हळू झाल्या, मग पुढं आल्या. रुद्रेशचं चौथं बटण तोवर चुकीच्या काजात लागलं होतं. नंदानं ते काढून त्याच्या हातात पुन्हा दिलं.